थंड इंजिन

नझीर मुलाणी म्हणाला होता, सातच्या आत पोचायचं,
मालकानं गाडी चालू करायच्या आधी.
थंड इंजिन खोटं बोलत नाही.
म्हणून डिसेंबरात, कानाला मफलर गुंडाळून
आम्ही गोडोलीत एका पत्र्याच्या शेडसमोर,
आणि नझीरनं इंजिनावर तळवा ठेवला
पोराचा ताप बघावा तसा.

कोमट.

"दूध आणायला गेलतो जरा," मालक म्हणाले.
नझीर माझ्याकडे न बघता, "दूध कुठंय?"

काल कोरेगावला एक पाहिली होती.
चार वर्षं एका जागी, वर जुनी चादर,
सीटवरचं प्लास्टिक तसंच, मीटरवर साडेसहा हजार.
दसऱ्याला हार घालायचे, बाकी वर्षभर काही नाही.
मी मनातल्या मनात पैसे मोजून टाकले होते.
नझीरनं टायरला नख लावलं.
रबराला बारीक भेगा, टाचांना पडतात तशा.
"पळून म्हातारी झालेली परवडते ताई,
बसून झालेली नाही."

मी त्रेचाळीस वर्षांची. सिव्हिलच्या लॅबमध्ये
लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
मला चाळकेवाडीच्या पठारावर जायचंय,
पवनचक्क्यांच्या मागं डांबर संपतं, तिथून पुढं.
भाऊ म्हणतो, स्कूटी घे, डिकी मोठी असते.
डिकीत काय ठेवू?

नझीर आता जमिनीवर उताणा, तोंडात बॅटरी.
मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहितेय:
चेन सैल. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले.
पुढच्या दांडीला तेलाचा ओघळ.
हँडल डावीकडे, अगदी किंचित, मान अवघडल्यासारखं.
"ऑफिसला जायची ओ नुसती," मालक म्हणाले,
"नाका ते एमआयडीसी. डांबर कधी सोडलं न्हाई."

मी वाकले आणि मागच्या मडगार्डच्या आत बोट घातलं.
माती. लाल, वाळून खापरासारखी झालेली,
तिच्यात रुतलेलं एक कुसळ.
ही नाक्यावरची नाही.
ही सप्टेंबरात माझ्या बुटांना लागते,
बेसिनमध्ये दोनदा धुतली तरी पाणी गढूळच.

नझीरचा चेहरा: निघूया.

पण मी त्या कुसळाकडेच बघत राहिले.
माणूस खोटं बोलला होता.
आणि गाडी तिथं जाऊन आली होती.

"कुठं पडलात?" मी विचारलं.
पडलात का, असं नाही.

सुहास बर्गे, उजवा पाय नीट वाकत नाही,
ते आत गेले आणि तीन कप चहा घेऊन आले.
"इंजिन गार होऊ दे," म्हणाले, "मग बघा."
तासभर आम्ही कट्ट्यावर बसलो.
लोखंड गार होताना टिक टिक वाजतं.
ठोसेघरच्या पुढं, धुक्यात, ओल्या जांभ्यावर.
दोन ऑपरेशनं. बायकोनं किल्ली पिठाच्या डब्यात ठेवलेली.
"पण गाडीला काय झालं न्हाई," ते म्हणाले,
पोरगी पहिली आल्यासारखं.

बावन्न सांगत होते. नझीर अडतीसवर अडून.
त्रेचाळीसला जमलं,
वर एक गोणपाट: क्लच केबल, दोन स्प्रॉकेट, डावी टाकीपट्टी,
कंपनीनं मॉडेल बंद केल्यावर
कोल्हापूरच्या भंगारातून एकेक गोळा केलेलं.
ते बघून नझीर पहिल्यांदा हसला.

मी बसले. गाडी उंच, बगळ्यासारखी,
माझ्या एकाच पायाची बोटं जमिनीला.
"फोम कापून देतो," नझीर.
बर्गे जवळ आले, खालच्या आवाजात म्हणाले,
"चोक पुरता ओढू नका. अर्धा.
आणि पहिली किक तिला द्यायची. मोजायची न्हाई."

पहिली दिली.
दुसरी माझ्याच नडगीवर आली.
तिसरीला शेडवरची कबुतरं उडाली,
बर्गे दाराकडं तोंड करून कप गोळा करायला लागले,
आणि नझीर कान लावून म्हणाला,
"टॅपेट वाजतोय."